तळाची ग्रेव्ही

त्या वर्षी माझ्या आतेभावाने रस्त्यात भेटेल त्याला हसून दाखवायला सुरुवात केली. ओळखीचं माणूस दिसलं की आपण हसतो, तसं नव्हे. तो समोरच्याला थांबवायचा, दोन्ही हात डोक्याच्या वर न्यायचा, अक्कलदाढेपर्यंत सगळं दिसेल असा जबडा ताणायचा आणि त्याच ताणलेल्या तोंडाने, डोळ्यांत पाणी यायच्या बेतात असताना विचारायचा, "सरळ आहे ना? नीट बघ. उजवी बाजू खाली तर नाही ना आली?"

बसस्टॉपवरच्या एका बाईंनी त्याला पर्सने मारलं. न्हाव्याला वाटलं, एका गालाची दाढी राहिली. त्याने मुकाट्याने पुन्हा साबण लावला. समोरच्या इमारतीच्या वॉचमनला तर हा कुठला तरी गुन्हेगार शरण येतोय असं वाटलं आणि त्याने स्वतःच घाबरून दार लावून घेतलं.

"अरे दादा, घरी आरसा आहे ना?" मी एकदा विचारलं.

"आरशात उजवं ते डावं दिसतं," तो म्हणाला. "भलतीच बाजू तपासत बसलो आणि खरी बाजू गेली तर?"

भ्यालेल्या माणसाचा तर्क वकिलापेक्षा पक्का असतो.

आता हा माणूस मुळात भित्रा होता का? तर होता. लहानपणी तो पोहायला शिकला तो पाण्याला घाबरून. पाण्यातून लवकर बाहेर पडता यावं म्हणून. पण कामावर मात्र त्याचा रुबाब राजाचा. शहरभर तळलेली कोंबडी आणि पाव विकणारी दुकानं असलेल्या एका कंपनीत तो होता. ती कोंबडी, ते बटाटे, तो पाव, सगळं ज्या दाट तपकिरी ग्रेव्हीत बुचकळून लोक खातात, ती ग्रेव्ही कारखान्यांच्या वस्तीतल्या एका लांबलचक शेडमध्ये शिजायची. तिथे वाफेवर तापणाऱ्या स्टीलच्या कढया होत्या. कढई म्हणायचं आपलं. आत एखादी गाय पाय मुडपून आरामात बसली असती. कढई तयार झाली की ग्रेव्ही कॅनमध्ये भरायची, कॅन गाडीत चढायचे आणि गाड्या दुकानांकडे सुटायच्या. पण त्याआधी माझा आतेभाऊ तिची चव बघायचा. हेच त्याचं काम. दुसरं काही नाही.

तो समारंभ मी पाहिलेला आहे. दादा कोमट पाण्याने चूळ भरणार. लांब दांड्याचा चमचा कढईत तिरका उतरवणार, फुंकणार, तोंडात घेणार, डोळे मिटणार. शेडमधली सगळी माणसं हातातलं काम थांबवून त्याच्या गळ्याच्या घाटीकडे बघत राहणार. घाटी वर जाऊन खाली आली की निकाल. "उणं," असा निकाल आला तर मोठा आचारी मिठाचं मापटं घेऊन पुढे धावायचा. आणि "पसंत," असा आला की कॅन भरायला सुरुवात. या एका शब्दावरून कामावर त्याला सगळे पसंतदादा म्हणत. मालकसुद्धा.

या कामाला एक मान होता. दिवसाची शेवटची कढई रिकामी होताना तळाशी जी आटून घट्ट झालेली, चमचा उभा राहील अशी ग्रेव्ही उरते, ती चव बघणाऱ्याची. आधीच्या माणसापासून चालत आलेली रीत. दादा रोज संध्याकाळी तो छोटा कॅन छातीशी धरून बसमधून घरी आणायचा आणि बसमधले लोक नाकं वर करून हळूहळू त्याच्या बाजूला सरकायचे. घरात वहिनी तीच ग्रेव्ही सगळ्यावर ओतायच्या. भातावर, उकडलेल्या बटाट्यावर, अंड्यावर, पावावर. लोक म्हणायचे, वहिनींच्या हाताला काय चव आहे! मी म्हणायचो. मी तर दर रविवारी म्हणायला जायचो.

दादाच्या भीतीचं मूळ मात्र त्या आधीच्या माणसात होतं. म्हातारा उस्ताद होता. त्यानेच दादाला चमचा कसा धरायचा ते शिकवलं. एके दिवशी कढईपाशी उभा असताना त्याने चमचा तोंडात घातला, डोळे मिटले आणि उघडलेच नाहीत दोन्ही. एकच उघडला. ग्रेव्ही ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून हनुवटीवर आली, तिथून एप्रनवर. सगळे निकालाची वाट बघत उभे. उस्तादाने 'पसंत' म्हणायचा प्रयत्न केला आणि तोंडातून भिजलेल्या कापडासारखा आवाज आला. दादाने त्याला धरलं. उस्ताद जगला, पण त्याच्या उजव्या हाताने परत चमचा धरला नाही. दादाने तो चमचा पुसून स्वतःच्या हातात घेतला, कारण कढई तयार होती आणि बाहेर गाड्या उभ्या होत्या.

हे तो पूर्वी कधी सांगत नसे. सांगायला लागला तो तपासणीनंतर.

अन्नाचं काम करणाऱ्यांची कंपनीत तपासणी व्हायची. त्या वर्षी नर्सने दादाच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा पाहिला आणि म्हणाली, "मशीन बिघडलंय." दुसरं मशीन आणलं. तेही बिघडलेलं निघालं. मग तिने डॉक्टरांना हाक मारली, आणि ती ज्या आवाजात मारली त्या आवाजानेच दादाचं बीपी आणखी चढलं असावं.

"काम काय करता?" डॉक्टरांनी विचारलं.

"चव बघतो."

"कशाची?"

"ग्रेव्हीची."

"दिवसातून किती वेळा?"

"जितक्या कढया तितक्या वेळा. शंका आली की परत."

"शंका कितपत येते?"

"पूर्वी नाही यायची. अलीकडे फार."

"आणि गिळता?"

"साहेब, गिळल्याशिवाय घशातली चव कशी कळणार?"

"उद्यापासून थुंकायची."

"चांगली असली तरी?"

"चांगली असली तर लवकर थुंकायची," डॉक्टर म्हणाले. "गोळी रोज घ्यायची आणि घरात मीठ बंद. जेवणात नाही, ताटात नाही, चिमूटभर नाही. हे गमतीवारी नेऊ नका. नाहीतर एक दिवस सकाळी उठाल आणि तोंडाची एक बाजू तुमच्याबरोबर उठणार नाही."

डॉक्टरांना उस्ताद ठाऊक नव्हता. त्यांनी आपलं सर्वांना सांगतात तसं सांगितलं असणार. पण दादा खुर्चीतच आक्रसला. "हसून दाखवा," डॉक्टर म्हणाले, "हात वर करा. छान. असं अधूनमधून करून बघायचं. एक बाजू ओघळली, हात खाली आला, बोलणं जड झालं, की तडक दवाखाना." अधूनमधून, असं डॉक्टर म्हणाले होते. दादाने त्याचा अर्थ दिसेल त्या माणसासमोर असा घेतला.

कामावर त्याने थुंकायला एक स्टीलचा मग ठेवला. पहिल्यांदा तो त्यात थुंकला तेव्हा मोठ्या आचाऱ्याच्या हातातलं मापटं गळून पडलं. "दादा, एवढी वाईट झाली?" त्याने रडव्या आवाजात विचारलं. "नाही रे, पसंत आहे," दादा म्हणाला आणि चूळ भरली. पण आपल्या हातची ग्रेव्ही माणूस थुंकतो आणि वर पसंत म्हणतो, हे आचाऱ्याच्या जिव्हारी लागलं. दुपारी तो जेवला नाही.

घरी वहिनींनी तर युद्धच पुकारलं. वहिनी म्हणजे भरदार, मोकळ्या आवाजाच्या. त्या कुजबुजल्या तरी खालच्या मजल्यावरचे लोक उत्तर देतात. मिठाची बरणी शेजारी गेली. खारे शेंगदाणे, वेफर्स, चीज, सगळं हद्दपार. स्वतःसाठी वेगळं करायलाही त्या तयार नव्हत्या. "तुम्ही अळणी खाणार आणि मी चाटूनपुसून खाऊ? तेवढी काही मी हावरी नाही," असं त्यांनी जाहीर केलं. पहिले काही दिवस दोघं समोरासमोर बसून उकडलेल्या भाज्या अशा खात, की तेराव्याला आल्यासारखं वाटे. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं, तर वहिनी म्हणाल्या, "अहो, रडू नका. अश्रू खारट असतात. ओठावर आले तर?"

मग आठवडा लोटला नसेल तोच जेवण सुधारलं. मी रविवारी गेलो तर दादा बोटं चाटत होता.

"अगं, हे बिनमिठाचं?"

"मिठाचा कण नाही. घरात मीठच नाही, तर घालू कुठून?" वहिनी म्हणाल्या. "हाताला वळण लागावं लागतं. भाऊजी, तुम्ही सांगा."

मी सांगितलं. तोंड भरलेलं होतं म्हणून मानेने सांगितलं.

आणि इतकं करून बीपी उतरेना. गोळी बदलली, दुसरी जोडली. आकडा आपला फांदीवर बसलेल्या माकडासारखा, खाली यायचं नाव नाही. डॉक्टर दादाकडे वर्गात कॉपी करणाऱ्या मुलाकडे बघावं तसं बघू लागले. "चोरून खाताय," ते म्हणाले. दादाने आईची शपथ घेतली. घरी येऊन वहिनींनी त्याचे खिसे तपासले, रुमाल हुंगला, आणि एके दुपारी तोंडावर ओढणी गुंडाळून शेडच्या फाटकापर्यंत त्याच्या मागावर गेल्या. तिथे त्यांना इतकंच दिसलं की नवरा मगात थुंकतो, चूळ भरतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हात वर करून हसून दाखवतो. त्या परत आल्या आणि पहिल्यांदाच आवाज खाली घेऊन मला म्हणाल्या, "भाऊजी, हे खात नाहीत हो काही. मग चढतंय कशानं?"

खरी भीती इथून सुरू झाली. पथ्य मोडणाऱ्याला एक आधार असतो: उद्यापासून पाळलं की सुधारेल. दादा तर सगळं पाळत होता. त्याच्याजवळ सुधारायला काही शिल्लकच नव्हतं. "म्हणजे हे ठरलेलंच आहे," तो मला म्हणाला. "उस्तादाचा चमचा हातात घेतला, तेव्हाच ठरलं."

मग तो डाव्या हाताचा सराव करू लागला. उजवा जाणार हे धरूनच चालला होता. डाव्या हाताने शर्टाची बटणं. निम्मी चुकीच्या काजात. डाव्या हाताने दाढी. तो आठवडा आम्ही त्याच्याकडे बघायचं टाळलं. डाव्या हाताने सही. बँकेने परत पाठवली. डाव्या हाताने जेवण, ग्रेव्ही बनियनवर. मला त्याने पाण्याचा मेन कॉक कुठे आहे ते दाखवलं, फ्यूज कसा बदलायचा ते दाखवलं, माळ्यावरच्या कुठल्या पेटीला हात लावू नये ते सांगितलं. "दादा, हे मला कशाला?" म्हटलं तर म्हणाला, "आत्ता सांगतोय ते कळतंय ना तुला? पुढे माझी जीभ जड झाली तर तूच म्हणशील, काय बोलतोय कळत नाही." मी हसायला गेलो आणि थांबलो. कारण तो हे सांगताना स्वतःच्या उजव्या हाताकडे असा बघत होता, जसं स्टेशनावर आपण गाडीत बसलेल्या माणसाकडे बघतो.

अशात शेडमधला वाफेचा बॉयलर फुटला. माणूस कुणी जवळ नव्हतं हे नशीब. छपराचा पत्रा मात्र पलीकडच्या कारखान्यात जाऊन पडला. नवा बॉयलर येईपर्यंत कढया बंद. दुकानं कोरडी कोंबडी विकू लागली, आणि दादा घरी बसला.

घरी बसला तसं जेवणही बसलं. पहिल्याच दिवशी त्याने घास घेतला आणि तो वहिनींकडे बघत राहिला. "अगं, आज काय विसरलीस?"

"काही नाही," वहिनी म्हणाल्या. पण त्यांनाही ते लागत होतं. भात पांढऱ्या कागदासारखा, बटाटा ओल्या लाकडासारखा. "माझ्या हाताची चव गेली हो," त्या पदर डोळ्याला लावत म्हणाल्या. दादाला वेगळंच वाटलं. त्याला वाटलं, हाताची नव्हे, जिभेची गेली. झटका आला की तोंडाची बाजू जाते, हात जातो. आधी जीभ जात असेल का? त्याने मला फोन केला. "मला काहीच लागत नाहीये. भातही तसाच, बटाटाही तसाच. आतून सुरू झालंय रे हे."

मी गेलो. जीभ बाहेर काढून बसला होता. मी टॉर्चने बघितलं. मला जिभेतलं काय कळणार? जीभ लाल होती, लांब होती आणि थरथरत होती.

असे बरेच दिवस गेले. मग एका दुपारी तो टोमॅटोची फोड खाता खाता थांबला. "हा गोड आहे," तो म्हणाला. वहिनी म्हणाल्या, "बाजारातला आहे, नेहमीचा." "नाही, गोड आहे. आणि मागून आंबट आहे." दुसऱ्या दिवशी बटाट्याला मातीचा वास आला. अंड्याच्या पिवळ्याला आणि पांढऱ्याला वेगवेगळी चव असते, हे त्याने मला फोन करून सांगितलं. नुसत्या पावाचा तुकडा तोंडात धरून तो खिडकीत बसायचा. पण आनंद झाला म्हणावं तर तेही नाही. हे बरं होण्याचं लक्षण की विझण्याआधीचं भडकणं, या नव्या काळजीने त्याला घेरलं.

तपासणीला त्याने आम्हां दोघांनाही बरोबर नेलं; एक धरायला, एक रडायला. डॉक्टरांनी पट्टा बांधला. आकडा पाहिला. पुन्हा बांधला. दादाने डोळे मिटून घेतले.

"उतरलंय," डॉक्टर म्हणाले. "चांगलंच उतरलंय. काय केलंत?"

"काही नाही, साहेब. घरी बसलो."

"कामाचा ताण असणार मग."

"ताण कसला, चव तर बघतात," वहिनी म्हणाल्या. "उलट घरी बसून माझ्या डोक्याला ताण. जेवणाला चव नाही म्हणून तोंड पाडून बसतात. आता कॅनच येत नाही, तर मी तरी चव आणू कुठून?"

डॉक्टर लिहीत होते. ते थांबले. "कसला कॅन?"

"ग्रेव्हीचा. तळाची ग्रेव्ही. यांचा मान आहे तो."

"ती जेवणात घालता?"

"मग? मीठ बंद केलंत तुम्ही, घास कसा उतरणार? दोन पळ्या भाजीत, दोन भातावर. मीठ नाही हो घालत, मिठाचा कण नाही. नुसती ग्रेव्ही."

डॉक्टरांनी पेन टेबलावर ठेवलं. रागावले नाहीत. मला वाटतं, ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"दादा," ते म्हणाले, "त्या ग्रेव्हीत मीठ किती असतं?"

दादा बोटांवर मोजू लागला. मसाल्यात मीठ. सूपच्या पावडरीत मीठ. काळ्या सॉसच्या पिंपात मीठ. वर मापट्याने मीठ. आणि त्याने 'उणं' म्हटलं की आणखी मापटं. मग ते सगळं दिवसभर आटून तळाशी जमलेलं. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. रोज डोळ्यांसमोर होत होतं. पण ते त्याला कधी खारटच लागलं नव्हतं. आणि जे खारट लागत नाही त्यात मीठ आहे, हे त्याच्या घरात कुणाच्या डोक्यात येणार? चव ओळखण्यात सगळ्या शहरात त्याच्या तोडीचा माणूस नाही, असं मालक सांगायचे!

"जीभ सरावते," डॉक्टर म्हणाले. "मग तिला तेवढं लागतंच. दिवसाला माणसाला जेवढं मीठ पुरे, तेवढं तुमच्या त्या पळ्यांत होऊन वर उरलं असेल. मीठ बंद करून तुम्ही मीठच खात होता."

"म्हणजे मी घातलं," वहिनी म्हणाल्या. इतक्या हळू, की खालच्या मजल्याला ऐकू गेलं नसतं. "यांच्या पोटात मी घातलं."

"तुम्हीही तेच जेवत होता ना?" डॉक्टरांनी विचारलं आणि उठून पट्टा वहिनींच्या दंडाला बांधला.

आम्ही कुणी वहिनींचं बीपी बघायचं मनातच आणलं नव्हतं. त्या कधी आजारी पडत नसत. त्या आजारी माणसाला ओरडणाऱ्यांतल्या. पट्टा फुगला, हळूहळू बसला. डॉक्टरांनी आकडा पाहिला आणि नर्सला हाक मारली. तसल्याच आवाजात.

"डोकं दुखतं का?"

"सकाळी जरा ठणकतं. बायकांचं दुखतंच."

"पायाला सूज?"

वहिनींनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. दादाने खाली वाकून पाहिलं. चपलेच्या पट्ट्यांच्या बाजूने पाय कणकेसारखे फुगून वर आले होते. किती दिवसांपासून, कोण जाणे. तो इतके महिने सगळ्या जगाला आपलं तोंड दाखवत फिरला, पण वहिनींच्या पायांकडे त्याचं लक्ष गेलं नव्हतं. कॅन महिनाभर बंद असूनही त्यांचा आकडा हा, तर आधी काय असेल? डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या, रक्ताच्या, लघवीच्या तपासण्या लिहिल्या, आणि दादाला सांगितलं होतं ते सगळं त्यांनाही सांगितलं. "हसून दाखवा," ते म्हणाले. वहिनी हसल्या. माझ्या आयुष्यात इतकं केविलवाणं हसू मी पाहिलं नाही. पण सरळ होतं.

परतीच्या बसमध्ये दादा वहिनींच्या समोरच्या बाकावर बसला, शेजारी नव्हे. "हसून दाखव," तो थोड्या वेळाने म्हणाला.

"अहो, लोक बघतायत."

"बघू दे. हसून दाखव."

त्या हसल्या. पुढच्या स्टॉपला त्याने पुन्हा सांगितलं. त्या पुन्हा हसल्या. एरवी त्यांनी त्याला चपलेने झोडपलं असतं. त्या दिवशी मुकाट्याने प्रत्येक स्टॉपला हसत आल्या, हेच मला जास्त भीतीदायक वाटलं.

नवा बॉयलर लागला. पहिली कढई व्हायची होती त्या दिवशी दादाने मला शेडमध्ये बरोबर नेलं. "पडलो तर धर," एवढंच बोलला. सगळे जमले होते. मालकही आले होते, कारण दुकानदार ग्रेव्हीसाठी बोंबलत होते. मालक पोट सुटलेले, उमदे, बोलघेवडे; दुपारचं जेवण रोज शेडमध्येच, ग्रेव्हीच्या वाडग्यासकट. "या, पसंतदादा! सगळं शहर तुमच्या जिभेवर थांबलंय!"

दादाने चूळ भरली. चमचा उतरवला, फुंकला, तोंडात घातला, डोळे मिटले. आणि त्याचं अंग असं शहारलं, जसं लाटेखाली सापडलेल्या माणसाचं. मी पुढे झालो. मला वाटलं, झालं. पण तो पडला नाही. मगापर्यंत कसाबसा पोचला, थुंकला, चूळ भरली, पुन्हा भरली, तिसऱ्यांदा भरली.

"खारट," तो म्हणाला.

त्या शेडमध्ये हा शब्द कुणी कधी ऐकला नव्हता. मोठ्या आचाऱ्याचा चेहरा पडला. "दादा, नेहमीचंच माप आहे. उलट तुम्ही अजून 'उणं' म्हणाला नाहीत, म्हणून दोन मापटी कमीच आहेत."

"नेहमीचंच?"

"तुमच्याच तोंडचं माप. उस्तादाच्या वेळी निम्मंही नव्हतं. तुम्ही 'उणं' म्हणत गेलात, आम्ही घालत गेलो."

दादाने कढईचा काठ धरला. बाहेर गाड्यांची इंजिनं सुरू होती. त्या गाड्या कुठे जातात हे त्याला पाठ होतं. कुठल्या दुकानापुढे शाळा सुटल्यावर रांग लागते, कुठे रात्रपाळीची माणसं येतात, कुठे म्हातारी जोडपी एक वाडगा दोघांत घेऊन बसतात. त्याची जीभ बोथट होत गेली आणि तिच्यामागून सगळं शहर गेलं. कुणी तक्रार केली नाही. करणार कोण? सगळ्यांच्या जिभा बरोबरीनेच बोथटल्या.

"दादा, गिऱ्हाईकाला हीच चव लागते," मालक समजुतीने म्हणाले. "तुम्ही आजारी होता, तोंड बिघडलं असेल. म्हणा पसंत. खाल्ल्या मिठाला जागायचं सोडून आज मिठावरच रुसलात?"

सगळे हसले. दादा नाही हसला. तो मालकांच्या अगदी जवळ गेला. मला वाटलं, हा आता नोकरी सोडतो तरी नाहीतर रडतो तरी.

"शेठ," तो म्हणाला, "हसून दाखवा."

"काय?"

"हसून दाखवा. हात वर करा. रोज वाडगाभर खाता तुम्ही. माझी बायको खायची. उस्तादही खायचे. दाखवा."

त्याच्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, पण मालकांनी हात वर केले. आणि ते हसले. आता मालकांचं हसू मुळातच तिरकं. त्यांच्याबरोबर सौदा केलेल्या कुणालाही विचारा. पण ते मुळातच तिरकं होतं की आजच झालं, हे आता कुणाला सांगता येईना. दादा बघत राहिला. आचारी बघत राहिला. मालक एकेकाच्या तोंडाकडे बघू लागले, आणि त्यांच्या हसण्याची घडी हळूहळू उलगडत गेली.

"काय झालं? बोला ना! सरळ आहे ना?" मालकांचा आवाज किनरा झाला. "अरे, कुणीतरी बोला!"

मालकांनी हात खाली केले ते थेट गाडीच्या किल्लीवर. दवाखान्यात जाता जाता दारातून ओरडले, "ती कढई थांबवा! मी येईपर्यंत भरू नका!"

त्यांना काही झालं नव्हतं. म्हणजे झटका आला नव्हता. आकडा मात्र दादाला शोभेल असा निघाला. त्या कढईत बिनमिठाचं सूप ओतून तिच्या दोन कढया केल्या, आणि गाड्या उशिरा सुटल्या. पुढे मापटं एकदम नाही, थोडं थोडं उतरवायचं ठरलं, कारण एकदम उतरवलं तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल, आणि समोरच्या दुकानात चव बघणाऱ्याला कुणी अजून भिववलेलं नाही. आचारी अजून कुरकुरतो. काही दुकानदार लपूनछपून वरून मीठ घालतात, असं दादाला कळलं आहे. तळाच्या ग्रेव्हीची रीत मात्र त्याने मोडली. शेवटची कढई धुताना तो स्वतः नळ सोडून उभा राहतो, ती मोरीतून जाईपर्यंत.

वहिनींच्या गोळ्या चालू आहेत. आकडा उतरतो, चढतो. पायाची सूज कमी आहे. मी रविवारी जातो. जेवण पांढऱ्या कागदासारखं असतं, पण हल्ली त्यावर काहीतरी उमटायला लागलं आहे.

रस्त्यातल्या लोकांना मात्र दादा आता हसून दाखवत नाही. रोज सकाळी तो चहाआधी वहिनींसमोर स्टूल घेऊन बसतो. परवा मी मुक्कामाला होतो, म्हणून पाहिलं. वहिनींनी दोन्ही हात वर केले, एका हातात चहाची गाळणी तशीच, आणि हसल्या. तो डोळे बारीक करून बघत राहिला. गाळणीतून चहाचे थेंब त्यांच्या कोपरावर ओघळायला लागले.

"अहो, गाल दुखतात. म्हणा ना एकदाचं पसंत."

दादाचे ओठ हलले. घाटी वर गेली, खाली आली.

"अजून एकदा," तो म्हणाला.